औषध यंत्र शोधेल, पण राखणार कोण?

गेल्या महिन्यातली गोष्ट. सकाळचे रुग्ण संपत आले असताना एक तरुण आपल्या आजीला मोटारसायकलवर बसवून दवाखान्यात घेऊन आला. या बाई पंचवीस वर्षांपासून माझ्याकडे येतात. मी त्यांना मावशी म्हणतो. वय सत्तरीच्या पुढे, मधुमेह जुना. चार दिवसांपासून हुडहुडी भरून ताप, लघवीला जळजळ आणि कमरेच्या वर एका बाजूला दुखणे. लघवीमार्गातला संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेल्याची ही लक्षणे. मी नेहमीचे इंजेक्शन सुरू केले आणि लघवी कल्चरसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवली. कल्चर म्हणजे लघवीतले जंतू प्रयोगशाळेत वाढवायचे आणि कोणत्या औषधाने ते मरतात हे पाहायचे.

तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. ताप उतरलेला नव्हताच. रिपोर्टमध्ये औषधांची लांबलचक यादी होती आणि बहुतेक नावांपुढे इंग्रजीतले ‘आर’ हे अक्षर. ‘आर’ म्हणजे रेझिस्टंट, म्हणजे या औषधाला जंतू दाद देत नाही. तोंडाने घेण्याची नेहमीची औषधे गेली, मी देत होतो ते इंजेक्शनही गेले. राहिली ती दोन-तीन महागडी, शिरेतून द्यावी लागणारी औषधे. मावशींना त्याच दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणी भरती करावे लागले.

नातू विज्ञान शाखेत शिकतो. चिठ्ठी लिहून घेताना तो मला धीर देण्याच्या सुरात म्हणाला, “डॉक्टर काका, आता कृत्रिम बुद्धिमत्ता नवीन अँटिबायोटिक्स शोधते आहे. मी वाचलंय. थोड्या वर्षांत हा प्रश्नच राहणार नाही.”

मी त्याला तेव्हा काही बोललो नाही. गाडीची व्यवस्था करायची होती. पण त्या रात्री मावशींचे जुने केसपेपर काढून बसलो. आजचा लेख म्हणजे त्या मुलाला द्यायचे राहून गेलेले उत्तर आहे.

यंत्राने नेमके काय केले?

प्रथम हे सांगितले पाहिजे, की मुलाने वाचले ते खोटे नाही.

फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील जेम्स कॉलिन्स, रेजिना बार्झिले, जोनाथन स्टोक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी २,३३५ रासायनिक रेणू घेतले आणि त्यातला कोणता रेणू ई. कोलाय या जंतूची वाढ रोखतो आणि कोणता रोखत नाही, हे प्रत्यक्ष तपासले. ही सारी माहिती उत्तरांसह संगणकाला दिली.

पूर्वी माझ्याकडे एक वयस्क कंपाऊंडर होते. वैद्यकाचे पुस्तक त्यांनी कधी उघडले नव्हते. पण रुग्ण पायरी चढत असतानाच ते हळूच म्हणायचे, “साहेब, ही कावीळ दिसते.” दहातले आठ वेळा बरोबर निघायचे. हजारो रुग्ण आणि त्यांची निदाने पाहून त्यांच्या नजरेला खूण पटत असे. ती खूण कोणती, हे त्यांना स्वतःला सांगता येत नसे. यंत्राचे शिकणे साधारण अशाच जातीचे आहे. फरक इतकाच, की यंत्र थकत नाही आणि एका बैठकीत लाखो रेणू पाहते.

अशा शिकलेल्या यंत्रापुढे मग सुमारे ६,००० द्रव्यांचा एक संग्रह ठेवला. त्यातून त्याने एक रेणू पुढे काढला. तो पूर्वी मधुमेहावरील औषध म्हणून अभ्यासला गेला होता. जंतूंशी त्याचा काही संबंध असेल असे कोणाच्या मनात आले नव्हते. शास्त्रज्ञांनी त्याला ‘हॅलिसिन’ असे नाव दिले. १९६८ सालच्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ या चित्रपटातल्या ‘हॅल’ या संगणकावरून हे नाव घेतले आहे. हॅलिसिन जंतूच्या आवरणावरचा विद्युतभार बिघडवते आणि त्यामुळे जंतूला ऊर्जाच तयार करता येत नाही. अनेक औषधांना न जुमानणाऱ्या एका जंतूचा संसर्ग झालेल्या उंदरांवरही त्याचा गुण आला.

या प्रयोगातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटली. ई. कोलाय जंतूला प्रयोगशाळेत ३० दिवस हॅलिसिनच्या सहवासात ठेवले, तरी त्याला त्याची सवय झाली नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन या आपल्या नेहमीच्या औषधाची सवय मात्र त्याच जंतूला एक ते तीन दिवसांत होऊ लागली. मावशींच्या लघवीत सापडलेला जंतू ई. कोलायच होता, आणि त्यांच्या रिपोर्टवर पहिला ‘आर’ सिप्रोफ्लॉक्सासिनपुढेच होता.

पुढे २०२३ मध्ये याच पद्धतीने ‘अबॉसिन’ हा दुसरा रेणू सापडला. अतिदक्षता विभागांत ठाण मांडून बसणाऱ्या एका चिवट जंतूवर तो चालतो. यंत्राने सुमारे ६,७०० रेणू तपासून निवड करायला अवघा दीड तास घेतला. २०२५ मध्ये तर यंत्राने निसर्गात नसलेले, कोणत्याही संग्रहात नसलेले रेणू स्वतः कल्पून मांडले. त्यातले मोजके प्रयोगशाळेत बनवले आणि दोघांनी उंदरांमध्ये गुण दाखवला. प्रथिनांची घडण संगणकाने ओळखण्याच्या कामासाठी डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना, तर नवी प्रथिने रचण्यासाठी डेव्हिड बेकर यांना २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. प्रथिनाला कुलूप मानले तर औषध ही किल्ली. कुलपाची आतली रचना कळली की किल्ली घडवणे सोपे जाते. हे सारे खरे आहे आणि कौतुकास्पद आहे.

यादी म्हणजे औषध नव्हे

पण वाचकहो, हॅलिसिन किंवा अबॉसिन तुम्हाला कोणत्याही मेडिकलमध्ये मिळणार नाही. उंदराला गुण आला म्हणजे माणसाला येईल असे नसते. आला तरी यकृत, मूत्रपिंड, गर्भ यांना ते सोसेल की नाही हे पाहावे लागते. मात्रा ठरवावी लागते. मग आधी थोड्या, मग शेकडो रुग्णांवर चाचण्या होतात. या प्रवासात बहुतेक रेणू वाटेतच गळतात. यंत्राने पहिला टप्पा वर्षांवरून तासांवर आणला. पुढचे टप्पे माणसाच्या शरीराच्या गतीनेच पार पडतात.

आपल्या महाराष्ट्रातलेच उदाहरण घ्या. न्यूमोनियावरचे ‘नॅफिथ्रोमायसिन’ हे भारतात विकसित झालेले नवे अँटिबायोटिक केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केले. वोक्हार्ट कंपनीच्या छत्रपती संभाजीनगर येथील संशोधन केंद्राचे हे काम. दिवसातून एकदा, तीन दिवस घ्यायचे औषध. त्यामागे १४ वर्षांचे कष्ट आहेत. एकीकडे दीड तास आणि दुसरीकडे चौदा वर्षे, हे दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

इतर शास्त्रांतही असेच दिसते. नोव्हेंबर २०२३ मध्ये गूगल डीपमाइंडने जाहीर केले, की त्यांच्या यंत्राने २२ लाख नवे स्फटिक पदार्थ वर्तवले असून त्यातले ३ लाख ८० हजार टिकाऊ असावेत. बॅटरीपासून चिपपर्यंत सर्वत्र क्रांती होणार अशा बातम्या आल्या. २०२४ मध्ये अँथनी चीथम आणि राम शेषाद्री या दोन पदार्थशास्त्रज्ञांनी ती यादी तपासली आणि स्पष्ट लिहिले, की नवी, विश्वासार्ह आणि उपयोगाची अशी संयुगे त्यात त्यांना फारशी आढळली नाहीत. यादी मोठी असणे वेगळे आणि हातात वस्तू येणे वेगळे. आम्ही डॉक्टर तरी काय शिकलो? रिपोर्टवर नव्हे, रुग्णावर उपचार करा, हेच ना?

आणि समजा, औषध बाजारात आले, तरी अडचण संपत नाही. प्लॅझोमायसिन या नव्या अँटिबायोटिकला अमेरिकेत जून २०१८ मध्ये मान्यता मिळाली. ते बनवणाऱ्या अकायोजेन कंपनीने एप्रिल २०१९ मध्ये दिवाळे काढले. कारण साधे आहे. रक्तदाबाची गोळी रोज, जन्मभर खपते. नवे अँटिबायोटिक मात्र जपून, शेवटचा उपाय म्हणून वापरायचे असते. जे औषध कमी वापरणे हेच शहाणपण, त्यात कंपनीला नफा कुठून होणार?

फ्लेमिंग सांगून गेले होते

पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल स्वीकारताना केलेल्या भाषणात एक गोष्ट सांगितली होती. एका माणसाचा घसा दुखतो. तो आपल्या मनाने पेनिसिलिन आणतो आणि अपुरे घेतो. जंतू मरत नाहीत, उलट औषधाला तोंड द्यायला शिकतात. तेच जंतू त्याच्या बायकोला लागतात. तिला न्यूमोनिया होतो, डॉक्टर पेनिसिलिन देतात, गुण येत नाही आणि ती दगावते. मग तिच्या मृत्यूला जबाबदार कोण, असा प्रश्न फ्लेमिंगनी विचारला. त्या वेळी पेनिसिलिन सामान्य माणसाच्या हाती नुकतेच येऊ लागले होते.

त्यांची भीती किती खरी ठरली हे आकड्यांतून कळते. २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे मृत्युमुखी पडली.

माझ्या स्वतःच्या व्यवसायातही मी हे पाहिले. १९९५ साली मी दवाखाना काढला, तेव्हा विषमज्वरावर क्लोरॅम्फेनिकॉल निकामी होऊ लागले होते आणि सिप्रोफ्लॉक्सासिन रामबाण मानले जात होते. काही वर्षांत तेही लंगडे पडले. मग सेफ्ट्रायॅक्सोन, मग अ‍ॅझिथ्रोमायसिन. प्रत्येक वेळी आम्ही नव्या औषधाचे स्वागत केले आणि त्याला जुन्याच वाटेने नेले. हॅलिसिनच्या जातीचे एखादे औषध उद्या खरोखर आले, तर त्याचे काय होईल हे सांगायला ज्योतिषी नको.

अक्षर माझेच होते

आता मावशींचे केसपेपर. त्या रात्री मी मोजले. बावीस वर्षांत मी त्यांना एकोणीस वेळा अँटिबायोटिक लिहून दिले होते. ‘सर्दी, ताप दोन दिवस’ आणि पुढे सिप्रोफ्लॉक्सासिन. ‘घसा, खोकला’ आणि पुढे अ‍ॅझिथ्रोमायसिन. ‘जुलाब’ आणि पुढे दोन औषधांची मिश्र गोळी. आज प्रामाणिकपणे पाहिले तर त्यातल्या सहा-सात वेळा ते देणे आवश्यक होते. उरलेल्या वेळी नव्हते. अक्षर माझेच होते, सही माझीच होती.

सर्दी-फ्लूच्या विषाणूवर अँटिबायोटिक काहीही करत नाही. पण पोटात गेलेले औषध स्वस्थ बसत नाही. आपल्या आतड्यात अब्जावधी निरुपद्रवी जंतू असतात. त्यातले औषधाला बळी पडणारे मरतात, जे तग धरतात त्यांना रान मोकळे मिळते. तेच पुढे कधीतरी लघवीमार्गात शिरतात. विशेषतः मधुमेही आणि वयस्क स्त्रियांमध्ये. म्हणजे २००७ च्या सर्दीला दिलेली गोळी त्या सर्दीला लागू पडली नाहीच, पण तिने पुढच्या आजाराची तयारी मात्र करून ठेवली.

मी असे का केले? रुग्णांची गर्दी असते. तपासणीची सोय नसते. रुग्ण म्हणतो, “साहेब, पॉवरची गोळी द्या, उद्या कापणी आहे.” नाही दिली तर तो समोरच्या दवाखान्यात जातो. ही कारणे खरी आहेत, पण कारणे म्हणजे निर्दोषपणाचा दाखला नव्हे. रुग्णही माझे साथीदार होते. तीन दिवसांत बरे वाटले की उरलेल्या गोळ्या डब्यात जातात आणि पुढच्या तापाला शेजारणीला दिल्या जातात. काही मेडिकलवाले दोन कॅप्सूल कापून चिठ्ठीविना देतात. १ मार्च २०१४ पासून ‘एच-१’ या अनुसूचीतील औषधे चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत आणि त्यांची नोंद तीन वर्षे ठेवावी लागते, असा नियम आहे. तो कितपत पाळला जातो हे वाचकांनीच आपल्या गल्लीत पाहावे. कोंबड्यांच्या खाद्यात कोलिस्टिन हे शेवटच्या फळीतले अँटिबायोटिक मिसळले जात होते. त्यावर सरकारने बंदी घातली ती जुलै २०१९ मध्ये.

यंत्राचा आम्हाला उपयोग कुठे?

मी यंत्राच्या विरोधात आहे असे कोणी समजू नये. माझे म्हणणे इतकेच, की आमच्यासारख्या तालुक्याच्या गावात यंत्राची खरी गरज नव्या औषधासाठी नाही, नेमक्या निदानासाठी आहे.

क्षयरोगाचे पाहा. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे. छातीचा एक्स-रे वाचणारा तज्ज्ञ प्रत्येक गावात कुठून मिळणार? २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने १५ वर्षांवरील व्यक्तींच्या क्षयरोग चाळणीसाठी संगणकाने एक्स-रे वाचण्यास मान्यता दिली. हातात धरता येणारे एक्स-रे यंत्र आणि त्याला जोडलेला संगणक वाडीवस्तीवर जाऊ शकतो. संशयित सापडला की थुंकीची तपासणी आहेच. इथे यंत्र डॉक्टरची जागा घेत नाही, त्याची अडचण दूर करते.

कल्चरचेही तसेच होऊ शकते. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संघटनेच्या फाउंडेशनने ‘अँटिबायोगो’ नावाचे मोबाइलवर चालणारे साधन तयार केले आहे. कल्चरच्या तबकडीचा फोटो काढला, की कोणते औषध चालेल हे वाचायला ते तंत्रज्ञाला मदत करते. अशा गोष्टींनी बातमीचे मथळे होत नाहीत. पण मावशींच्या लघवीचा रिपोर्ट तीन दिवसांनी जिल्ह्यावरून येण्याऐवजी ग्रामीण रुग्णालयात त्याहून लवकर मिळाला असता, तर निकामी इंजेक्शनात गेलेला काही वेळ वाचला असता. म्हणून माझी मागणी अगदी साधी आहे. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात कल्चरची सोय आणि ती करणारा एक शिकलेला तंत्रज्ञ. लोकप्रतिनिधी मते मागायला येतात तेव्हा रस्ता, पाणी यांच्याबरोबर हेही मागावे.

वाचकांनी एवढे करावे

१) औषधाच्या पट्टीवर उभी लाल रेघ असेल, तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये. २०१६ पासून सरकारने या रेघेबद्दल लोकजागृती सुरू केली आहे.

२) डॉक्टरांना विचारावे, “साहेब, यात अँटिबायोटिक आहे का? त्याची गरज आहे का?” असे विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. चांगल्या डॉक्टरला राग येणार नाही. आलाच तर मला येऊन सांगा, मी त्यांच्याशी बोलेन.

३) जितके दिवस आणि ज्या वेळी सांगितले, तसेच घ्यावे. मनाने मध्येच थांबवू नये, मनाने वाढवूही नये.

४) उरलेल्या गोळ्या साठवू नयेत, दुसऱ्याला देऊ नयेत. जुनी चिठ्ठी दाखवून पुन्हा औषध आणू नये.

५) साध्या सर्दीला विश्रांती, पुरेसे पाणी आणि तापाची साधी गोळी पुरते. मात्र धाप लागणे, ताप तीन दिवसांहून अधिक राहणे, मूल सुस्त पडणे, लघवी कमी होणे, यांपैकी काही दिसले तर वाट न पाहता दवाखाना गाठावा.

६) हात साबणाने धुणे, पाणी उकळून पिणे आणि वेळेवर लसी टोचून घेणे. जो आजार झालाच नाही, त्याला अँटिबायोटिक लागत नाही.

मावशी दहा दिवसांनी घरी आल्या. औषध लागू पडले, जीव वाचला, पण सोयाबीनचे आलेले सगळे पैसे गेले. परवा नातवाबरोबर दवाखान्यात आल्या होत्या. नातवाला सर्दी, थोडा ताप. त्याने सवयीने विचारले, “काका, अँटिबायोटिक?” मी त्याचा घसा पाहिला, छाती तपासली आणि तापाच्या सहा गोळ्या लिहून दिल्या. मावशींनी चिठ्ठीकडे पाहिले आणि म्हणाल्या, “एवढंच?”

एवढंच. तिसऱ्या दिवशी मुलगा बरा होऊन कॉलेजला गेला. नवी औषधे त्याच्या पिढीला लागणार आहेत. यंत्र ती शोधून देईलही. तोवर हाती उरलेली औषधे राखायची आहेत, आणि नवी आली की तीही राखायची आहेत. ते काम कोणतेही यंत्र करणार नाही. ते माझ्या पेनाचे आणि तुमच्या हाताचे आहे.